हातचा एक

रोज दुपारी टेकडीवर डबा नेते मी,
मोजणाऱ्या पोरांचा. घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी,
आंबट आलुबुखाराची चटणी, जी युर्रे नुसतीच चाटतो.
त्या दिवशी तेक्ले तापाने फणफणली होती.
युर्रे म्हणाला, इआमझे, तासभर बस तिच्या जागी,
मधुबाज तेवढे मोज, बाकीचे आम्ही बघतो.
आणि माझ्या तळव्यावर ठेवलं
बकरीच्या घंटेएवढं एक यंत्र.
दाबलं की टक्, आकडा पुढे.

डावीकडे काळा समुद्र, उजवीकडे डोंगर,
मधे ही एवढीशी हवा.
त्या मनोऱ्यापासून त्या एकट्या झाडापर्यंत
एक रेघ आहे असं समज, तो म्हणाला.
रेघ ओलांडली की दाब.

आधी काहीच नाही.
मग ढगाच्या पोटाशी, निवडलेल्या घेवड्यात
राहून गेलेल्या खड्यांसारखं काहीतरी.
मग ते खडे फिरायला लागतात,
गरम हवेच्या खांबाला धरून वर, वर,
डेऱ्यात लोणी गोळा व्हावं तसे,
आणि वरच्या टोकाला पोचले की
एकेक जण सुटतो, पंख न हलवता, माझ्याकडे.
कुणी ताकाचा, कुणी जळक्या लाकडाचा,
कुणाच्या छातीवर चहाच्या कपाचे डाग.
टक्. टक्टक्. टक्.
इतकी मन लावून मी कधी
काहीच केलं नव्हतं, नमाजसुद्धा.

मग पाठीमागे बार.

बार ओळखू येतो. शेजारच्या नुगझारचा कोरडा, जोडीचा.
हा ओलसर, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा,
माझ्या नवऱ्याच्या बंदुकीचा.
नवरा तर मे महिन्यापासून सरहद्दीपलीकडे, होपाला,
सिमेंटच्या कामावर.

मी वळले. वळले तेवढ्यात रेघेवरून
किती गेले ते अल्लाला ठाऊक.
खाली आमच्या अक्रोडांवर
धूरसुद्धा नव्हता.

युर्रे, एक कमी कसा करायचा?
तो दुर्बिणीतून न हलता म्हणाला, नाही होत.
हे फक्त पुढे जातं.
रेघ ओलांडली ना? मग तो मोजलेला.
पलीकडचं आपल्याकडे नाही.

पलीकडे माझं घर आहे.
हे मी म्हणाले नाही. दाबत राहिले.
तासाचे एक हजार एकशे नऊ.

पायरीवर मिरिआन बसला होता, चौदा वर्षांचा,
मांडीवर पक्षी, एक पंख तिसऱ्या पायरीपर्यंत.
बाबा सांगतात तसं थोडं पुढे धरून मारला, म्हणाला.
पहिला दात पडला तेव्हा असाच दिसत होता.
कानाखाली द्यायला हवी होती.
मी पाणी तापत ठेवलं.

पिसं उपटताना बघितलं:
डोळ्यापासून चोचीपर्यंत खवल्यांसारखी
बारीक, दाट पिसं.
गांधीलमाशा चावू नयेत म्हणून, तेक्लेने सांगितलं होतं मागे.
एवढी तयारी करून निघालेला.

रात्री होपाहून फोन आला.
पोरानं सगळं सांगितलं. तिकडून हसू,
शाब्बास, आईला दे.
मी हात ओले आहेत म्हणाले.

बाहेरच्या खोलीत पोरांनी वही वाचली.
मधुबाज, नऊ हजार चारशे बावन्न.
टाळ्या. इआमझेच्या तासाला वेगळ्या टाळ्या.
शाळेत माझी बेरीज कायम चुकायची,
हातचा राहून जायचा. बाई म्हणायच्या,
कुठे ठेवलास गं? खिशात?

स्वयंपाकघरात दुसरं पातेलं, झाकण लावलेलं.
मिरिआन एकटा जेवत होता, भूक लागलेल्या माणसासारखा.
मधेच थांबला, दाढेतून काहीतरी काढलं,
ताटाच्या काठावर ठेवलं.
छर्रा.
टक्.

पदराआड माझा अंगठा
आपोआप खाली गेला.